शुक्रवारची चांदमारी

पिस्तुलाशी माझी ओळख कातड्यामुळे झाली. त्याआधी मी पिस्तूल पाहिलं होतं ते पोलिसाच्या कमरेला, तेही बटण लावून बंद केलेलं.

बर दुबईत खाडीपासून दोन गल्ल्या आत आमचं दुकान होतं. जीपगाड्यांच्या सीटा भरायच्या, कॅनव्हासचे हूड शिवायचे, ताडपत्र्या जोडायच्या. साठीच्या दशकातली ही गोष्ट. अमिरात हा शब्द तेव्हा कुणाच्या तोंडी नव्हता. खाडीवर पूल झाला होता, तरी पलीकडे देऱ्याला जायचं तर आम्ही अबऱ्यातच, म्हणजे भाड्याच्या होडीतच, बसायचो, कारण अबरा गल्लीच्या तोंडाशी लागायचा. रत्नागिरीकडची आमची पुष्कळ माणसं आजूबाजूला होती. कुणी गोदीत, कुणी ड्रायव्हर, कुणी बँकेत शिपाई. बायका थोड्या होत्या आणि त्यांच्यात दुकानात बसून काम करणारी मी एकटी.

कॅनव्हास नवऱ्याचा आणि कातडं माझं, अशी वाटणी होती. ती कुणी ठरवली नव्हती. कातड्याचा कारागीर एक दिवस बहारीनला निघून गेला आणि तीन सीटा फाडून ठेवलेल्या गाडीचा मालक दारात येऊन उभा राहिला, तेव्हा मी रापी उचलली. पहिली सीट वाकडी झाली. दुसरी झाली नाही.

एका सकाळी तेल कंपनीतला एक अमेरिकन इंजिनियर दुकानात आला. इतका उंच, की आमच्या चौकटीला त्याचं डोकं आपटलं. पुढे तो जितक्या वेळा आला तितक्या वेळा आपटलं. त्याने माझ्यापुढे कमरेला बांधायची पिस्तुलाची कातडी पिशवी ठेवली. होल्स्टर. खाऱ्या हवेने तिचा पार चिखल झाला होता.

"सिस्टर, धिस खलास," तो म्हणाला. त्याचं हिंदी त्याने ड्रायव्हरांकडून उचललेलं होतं आणि अरबी दुकानदारांकडून. "बहोत सॉफ्ट. गन अंदर स्टिक. नो यल्ला."

"पिस्तूल अडकतं म्हणे," नवऱ्याने मला मराठीत सांगितलं. "लवकर निघत नाही."

"तेवढं मला कळलं. पण एवढी घाई कशाला? कुणाला मारायचंय त्यांना?"

नवऱ्याने हे जसंच्या तसं विचारलं. इंजिनियर हसला आणि खिशातून थांबवता येणारं घड्याळ काढून दाखवलं. मारायचं कुणालाच नव्हतं. शर्यत होती.

मी जुन्या होल्स्टरचे टाके उसवून माप घेतलं आणि नवीन शिवून दिलं. चांगलं जाड, घट्ट, वरून पट्टी. आठवड्याने तो ते घेऊन परत आला, डोकं आपटलं आणि म्हणाला, "व्हेरी गुड वर्क. बट यू मेक हाउस, सिस्टर. आय वाँट डोअर."

मला राग आला. माझं काम परत आलेलं मला आवडत नाही. मी नवऱ्याला म्हटलं, "ह्याला सांगा, हे कसं वापरतात ते बघितल्याशिवाय मी पुन्हा सुईला दोरा लावणार नाही."

म्हणून पुढच्या शुक्रवारी सकाळी आम्ही आमच्या जीपमधून शारजाच्या वाटेला लागलो.

वाटेत एका मोठ्या टेकडीआड साहेबलोकांच्या नेमबाजीच्या क्लबने चांदमारीची जागा केली होती. टेकडी वाळूचीच, पण उंच. गोळी गेली तर तिच्यात जाऊन बसेल अशी. तिच्यापुढे प्लायवूडची माणसं कापून उभी केली होती, चारपाच तेलाचे ड्रम होते, आणि मधोमध वाळूत दरवाज्याची एक चौकट होती. नुसती चौकट. भिंत नाही, घर नाही. एक गोरा माणूस धावत आला, त्या चौकटीपाशी थबकला, आत डोकावला आणि मग आत शिरला.

"एवढं वाळवंट मोकळं पडलंय," नवरा माझ्या कानात म्हणाला, "बाजूने का जात नाही हा?"

मला हसू आवरेना. पुढे त्याच चौकटीतून जाताना माझी छाती धडधडायची, पण त्या दिवशी मी पदर तोंडावर धरून हसले.

खेळ मला इंजिनियरने समजावला. जुन्या चांदमारीत माणूस पुतळ्यासारखा उभा राहतो, एक हात लांब करतो, श्वास धरतो आणि गोल चकतीवर गोळी मारतो. याच्या खेळात पिस्तूल कमरेला असायचं. इशारा झाला की काढायचं, दोन्ही हातांनी धरायचं, दोन गोळ्या इथे, पळत जाऊन दोन तिथे, ड्रमाच्या आडून आणखी दोन. नेमही मोजायचा आणि घड्याळही. नेम सुंदर पण वेळ फार लागला, तर हरलात. वेळ कमी पण गोळ्या टेकडीत, तरी हरलात. त्याच्या मुलखात हा प्रकार नवाच निघाला होता, आणि तो इथे त्याने आणला होता.

"म्हणजे शिवणकामच," मी म्हटलं. "सरळही हवं आणि संध्याकाळपर्यंतही हवं."

"येस," तो म्हणाला. "एक्झॅक्टली दॅट."

चांदमारीचा सगळा बंदोबस्त एका सुभेदाराकडे होता. बलुची माणूस, पलटणीतून निवृत्त झालेला, दाढीला मेंदी. नेमबाजाच्या उजव्या खांद्यामागे एक हात अंतरावर तो उभा राहायचा आणि माणसाकडे न बघता फक्त त्याच्या हाताकडे बघायचा. पिस्तुलाची नळी टेकडीवरून जराशी जरी हटली, तरी त्याचा पंजा त्या माणसाच्या मनगटावर पडायचा. साहेब असो की शिपाई. आणि एकदा पंजा पडला, की तो माणूस त्या दिवशी घरी.

मी दोन तास नेमबाजांच्या कमरा बघत बसले. नेमाकडे माझं लक्षच नव्हतं. दोन तासांनी मला कळलं, की पिस्तूल होल्स्टरच्या तोंडात अडकत नव्हतंच. पिस्तूल वर ओढलं की पट्टाही त्याच्याबरोबर वर येत होता. दोष घराचा नव्हता, जोत्याचा होता. पट्टा रुंद हवा, दोन पदरी हवा, आणि होल्स्टर त्याच्यावर घट्ट बसायला हवं, किंचित पुढे कललेलं. तोंड कडक हवं, म्हणजे रिकामं असतानाही ते मिटणार नाही.

घरी येऊन नवऱ्याला म्हटलं, "मला एक पिस्तूल करून द्या."

गलबतांच्या कारखान्याजवळ पडलेला सागवानाचा एक तुकडा त्याने आणला आणि इंजिनियरच्या रिव्हॉल्व्हरवर बेतून लाकडाचं रिव्हॉल्व्हर कोरलं. कातडं भिजवायचं, त्या लाकडावर बसवायचं, बोटांनी दाबून त्याचा आकार घ्यायचा आणि सावलीत वाळू द्यायचं. मग मेणाच्या दोऱ्याने दोन सुया लावून शिवायचं. हे झालं, की पट्टा माझ्याच कमरेला बांधून मी लाकडी पिस्तूल काढून पाहायची. कमीत कमी शंभर वेळा. शंभर वेळा न काढता मी होल्स्टर कधी दिलं नाही. इंजिनियरचं पाहून आणखी चौघांनी मागवली, म्हणजे पाचशेच्या वर वेळा मी ते लाकूड काढलं असेल. साडीच्या निऱ्या पट्ट्यात गोळा व्हायच्या आणि पदर कोपराला अडायचा, म्हणून उरलेल्या खाकी ड्रिलचा मी स्वतःला एक खमीस आणि सलवार शिवून घेतली.

वरच्या मजल्यावर रायगडकडची एक भाभी राहायची. ती खिडकीतून आमच्या अंगणात बघायची.

"काय गं, नवऱ्याला धाक घालतेस?"

"त्यांना लाकडी पुरतं, भाभी."

चारही होल्स्टरं घेऊन आम्ही चांदमारीवर गेलो, तेव्हा एकाने विचारलं, हे खरंच लवकर निघतं का? मी पट्टा बांधला आणि लाकडी पिस्तूल काढून दाखवलं. इंजिनियर सिगारेट पेटवत होता. त्याने काडी तशीच खाली टाकली.

"अगेन," तो म्हणाला आणि घड्याळ बाहेर काढलं. "यल्ला!"

मी पुन्हा काढलं. त्याने घड्याळ पाहिलं, मग सुभेदाराला दाखवलं. "सुभेदार, धिस लेडी तुमारा सब आदमी से फास्ट."

सुभेदाराने घड्याळाकडे बघितलंही नाही. "लकड़ी से कौन मरता है, साहब?"

सगळे हसले. मला ते लागलं, खोटं कशाला सांगू. मी म्हटलं, "तो लोहा दे दो."

आता आणखीच हसले. इंजिनियर मात्र हसला नाही. त्याने आपलं रिव्हॉल्व्हर उघडलं, रिकामं असल्याचं मला दाखवलं, माझ्या हातात दिलं आणि कसं उभं राहायचं ते सांगितलं. पाय थोडे फाकवून, डावा हात उजव्या हाताला पेलून. नळीच्या टोकावरची माशी, म्हणजे नेमाचा बारीक दाणा, बघायची, प्लायवूडचा माणूस पुसट दिसला तरी चालेल. चाप हिसकायचा नाही, दाबत न्यायचा. मग तो एकेक गोळी भरून देऊ लागला.

पहिल्या पाच गोळ्या टेकडीत गेल्या. सहावी प्लायवूडच्या माणसाच्या खांद्यात लागली. लाकूड फुटल्याचा तो कोरडा आवाज मला ऐकू आला, पलीकडच्या भोकातून वाळू दिसली, आणि मी हसले. मोठ्याने, तोंड न झाकता. तिथे उभ्या असलेल्या सात-आठ पुरुषांपैकी कुणी काय म्हणेल हे माझ्या मनातही आलं नाही. एखादं काम हाताला पहिल्यांदा बसतं तेव्हा जे होतं तेच झालं होतं, फक्त दसपट.

"कंधा," सुभेदार म्हणाला. "मरा नहीं. ज़ख्मी हुआ."

मला शर्यतीत उतरायचं होतं. हे मी त्याच दिवशी परतीच्या वाटेवर नवऱ्याला सांगून टाकलं. त्याने गिअर बदलला आणि म्हणाला, "जुम्म्याच्या नमाजेआधी संपतं ना?"

"अकराला संपतं."

"मग माझं काय जातंय?"

क्लबचं मात्र जात होतं. मी बाई होते, मेंबर नव्हते, मेंबर होण्यासारखीही नव्हते. इंजिनियरने माझं नाव "क्लबचा चर्मकार" असं लिहून पुढे सरकवलं, कारण क्लबच्या कामगारांना खेळायची मुभा होती. कमिटीने कबूल केलं, पण नव्या माणसाची परीक्षा असते ती द्यायला हवी. परीक्षा नेमाची नव्हती, सुरक्षिततेची होती. एक चूक, की बाहेर. पुन्हा परीक्षा पुढच्या थंडीत. आणि पुढच्या थंडीत इंजिनियर असणार नव्हता. उन्हाळा लागला की त्याचा करार संपत होता. माझं नाव पुन्हा कोण पुढे करणार होतं? मला हे चांगलं ठाऊक होतं, की संधी एकच आहे.

पाच आठवडे मी शिकले. शुक्रवारी इंजिनियरबरोबर बारा गोळ्या, त्याच्याच इंग्रजी हुकमांवर. बाकीचे दिवस दुपारी दुकान बंद असायचं तेव्हा अंगणात लाकडी पिस्तुलाने. नवरा चटईवर आडवा पडून "यल्ला" म्हणायचा, मी काढायची, भिंतीवरच्या खिळ्यावर नेम धरायची, आणि पिस्तूल खाली तिपाईवर ठेवून पुन्हा पहिल्यापासून. त्याला झोप लागली की मीच "यल्ला" म्हणायची.

परीक्षेच्या दिवशी इंजिनियर गुण लिहायला टेबलापाशी बसला होता. हुकूम सुभेदार देणार होता. मला त्याचं काही वाटलं नाही. सहा गोळ्या भरायच्या, दोन प्लायवूडच्या माणसांवर दोन दोन झाडायच्या आणि थांबायचं. दोन आत उरतात. परीक्षा खरी त्या दोन गोळ्यांची असते: त्या तुम्ही कशा काढता, काढताना नळी कुठे असते.

"यल्ला," सुभेदार म्हणाला.

माझा हात आपणहून गेला. एक, दोन. पाय वळवले. तीन, चार. चारही लागल्या. मला दिसल्या लागलेल्या. मी थांबले.

"खाली!" सुभेदार माझ्या कानामागे गरजला.

मी खाली वाकले.

दोन गोळ्या भरलेलं रिव्हॉल्व्हर हातात, आणि मी ते वाळूवर ठेवायला वाकले. नळी माझ्याच बुटावरून फिरली. मनगटावर पंजा पडला, हात वर ओढला गेला आणि टेकडीकडे वळवला गेला. मग सुभेदाराने माझ्या हातातून ते रिव्हॉल्व्हर काढून घेतलं आणि उघडून दोन्ही गोळ्या तळहातावर पाडल्या.

"बस, बीबी," तो म्हणाला. आवाज चढवला नाही. "हो गया."

इंजिनियर उठून आला. त्याने माझ्या बुटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "नेक्स्ट विंटर, सिस्टर," तो म्हणाला. पुढच्या थंडीचं त्यालाही ठाऊक होतं आणि मलाही. मी पट्टा सोडला, घडी केला आणि जीपमध्ये जाऊन बसले. रडले वगैरे नाही. रडून नळी परत टेकडीकडे वळत नाही.

अर्ध्या वाटेवर नवरा म्हणाला, "एक विचारू?"

"नको."

"वाकलीस कशाला?"

"सुभेदार म्हणाला म्हणून."

"काय म्हणाला?"

"तुम्ही होतात ना तिथे? खाली म्हणाला."

नवऱ्याने जीप थांबवली. वाळूत, तिथल्या तिथे. माझ्याकडे बघितलं आणि स्टिअरिंगवर डोकं टेकून हसायला लागला. त्याचे खांदे हलत होते.

"हसायला काय झालं?"

"अगं बाय, तो बंदूक रिकामी कर म्हणत होता!"

मी माझ्या बुटाकडे बघितलं.

"त्याच्या भाषेत खाली म्हणजे रिकामं. अरबीत तेच, हिंदीत तेच. अख्ख्या दुबईत खाली म्हणजे खाली असं फक्त आपल्या माणसांना वाटतं!"

मला हे माहीत नव्हतं असं नाही. इतकी वर्षं तिथे राहून मी रोज "डब्बा खाली है", "अबरा खाली है" म्हणत होते. बाजारात माझं हिंदी चोख चालायचं. पण हातात भरलेलं पिस्तूल आणि कानात रक्त धावत असताना माझ्या आत जी कुणी ऐकत होती ती बाजारातली नव्हती. ती आमच्या गावची होती, आणि गावात "खाली" म्हटलं की माणूस पायाखाली बघतो.

आणि तेवढंच नव्हतं. लाकडाला गोळ्या नसतात. पाच आठवडे दर दुपारी मी नेम धरून झाला की लाकूड खाली ठेवत होते. रिकामं करायची सवय हाताला लावलीच नव्हती. अर्धा दोष शब्दाचा, अर्धा माझा.

"उद्याच जाऊन सांगू त्याला," नवरा म्हणाला.

"काही सांगायचं नाही. बूट माझा होता आणि नळी माझ्या हातात होती. पायात गोळी घुसली असती तर तिला काय व्याकरण सांगणार होते?"

त्याने सांगितलंच. पुढच्या शुक्रवारी दोन पट्टे पोचवायचे होते. मी जीपमधून उतरले नाही, आणि हा पट्टे घेऊन गेला तो सरळ सुभेदारापाशी. मला लांबून दोघे दिसत होते. नवरा हातवारे करत होता. एकदा आकाशाकडे, एकदा जमिनीकडे. मग सुभेदार जीपपाशी आला.

"बीबी. तुम्हारी ज़बान में खाली मतलब नीचे?"

"हां, सुभेदारसाहब. लेकिन गलती मेरी है."

त्याने माझं पुढचं ऐकलंच नाही. तो मेंदीच्या दाढीतून हात फिरवत कुठेतरी लांब बघत होता. "मेरे पास दो रंगरूट थे," तो हळूच म्हणाला. "जवानी के दिनों में. दख्खन के लड़के. मैं बोलता था खाली, वो हर बार बंदूक नीचे कर देते थे. हर बार! मैंने समझा गधे हैं. मैंने उनको मैदान के चक्कर लगवाए, बीबी. पूरा महीना."

माझा नवरा तोंड फिरवून टेकडीकडे बघायला लागला.

"मी त्यांच्या वतीने माफ केलं," मी मराठीत म्हटलं, आणि मग हिंदीत सांगितलं. सुभेदाराने मान डोलावली. त्याला ते गमतीत म्हटल्यासारखं वाटलंच नाही. "हुक्म के दो मतलब निकलें," तो म्हणाला, "तो कसूर हुक्म देनेवाले का," आणि तो तडक इंजिनियरकडे चालत गेला.

टेबलाभोवती थोडी चर्चा झाली. कमिटीतला एक जण म्हणत होता की नियम तो नियम, आणि त्याचं बरोबर होतं. मी उतरून गेले. इंजिनियरने विचारलं मला काय हवंय.

"माफी नको," मी म्हटलं. "परीक्षा पुन्हा घ्या. आधीपेक्षा अवघड घ्या. सुभेदार काय वाटेल ते ओरडू देत. गोळ्या काढून दाखवेपर्यंत माझी नळी टेकडीवरून हलली, तर मी पुढच्या थंडीतही येणार नाही."

इंजिनियरने कमिटीच्या माणसाकडे पाहिलं. त्याने खांदे उडवले. "दॅट आय वुड लाइक टू सी," तो म्हणाला.

अशी परीक्षा त्या चांदमारीवर आधी कुणी दिली नसेल आणि नंतरही नाही. चार गोळ्या मी झाडल्या आणि थांबले, आणि सुभेदार सुरू झाला.

"खाली!"

मी नळी टेकडीकडे ठेवून रिव्हॉल्व्हर उघडत होते.

"नीचे! ऊपर! पीछे मुड़!" तो माझ्या उजव्या कानात, मग डाव्या कानात. "यल्ला! यल्ला! साँप! बीबी, साँप!"

दोन गोळ्या तळहातावर आल्या. मी त्या वर धरल्या, रिकामं चक्र त्याला दाखवलं.

"फिर से," सुभेदार म्हणाला.

दुसऱ्या वेळी बाकीचेही सामील झाले. कुणी इंग्रजीत, कुणी अरबीत, कुणी पश्तूत. इंजिनियर गाणं म्हणत होता, आणि वाईट म्हणत होता. आणि या सगळ्या गोंगाटात, अगदी शेवटी, मागून नवऱ्याचा खणखणीत आवाज आला:

"अगं, भात करपला!"

मी हलले. कबूल करते, मान हलली. पण फक्त मान. नळी टेकडीकडेच होती. गोळ्या काढल्या, दाखवल्या, रिव्हॉल्व्हर मिटून होल्स्टरमध्ये ठेवलं आणि मगच मागे वळून नवऱ्याला काय म्हणायचं ते म्हटलं. ते इथे लिहिण्यासारखं नाही.

सुभेदार हसला. त्याला हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं. पुढचे दोन दात नव्हते. "पास," तो इंजिनियरला म्हणाला. "अब ये मेरी फ़ौज में है."

पुढच्या शुक्रवारी शर्यत होती. सतरा नेमबाज. ऊन कोवळं होतं, समुद्राकडून वारा येत होता आणि कुणीतरी खजूर आणि कहवा आणला होता. माझा नंबर बारावा. तोवर मी अकरा जणांच्या चुका बघून घेतल्या. फुकट मिळणारं शिक्षण मी सोडत नाही.

चौकटीतून जाताना सगळे उजवीकडे आधी बघत होते, कारण पहिला प्लायवूडचा माणूस उजवीकडे होता. पण डावीकडचा अर्धा ड्रमाआड होता आणि त्याला वेळ लागत होता. मी चौकटीत पाय ठेवायच्या आधीच बाहेरून डावीकडचा घेतला. दोन गोळ्या. मग आत, उजवीकडे दोन. दोन तिसऱ्यावर. पुढे ड्रमापर्यंत धाव. वाळूत धावणं म्हणजे भाताच्या चिखलात धावण्यासारखंच, आणि ते मला लहानपणापासून येत होतं. धावता धावता नळी समोर, बोट चापाबाहेर. ड्रमाआड गुडघे टेकून मी रिव्हॉल्व्हर उघडलं, टरफलं झटकली आणि गोळ्या भरायला लागले. एक वाळूत पडली. मी ती उचलली नाही. पट्ट्यातली दुसरी घेतली. उचलायला वाकलेल्या दोघांचा वेळ मी सकाळी बघितला होता.

शेवटच्या दोन गोळ्या झाडल्या तेव्हा दम इतका लागला होता, की माशी नाचत होती. एक लागली, एक नाही.

"रिकाम्मी!" सुभेदार गरजला. मधे जोर देऊन, पलटणीच्या थाटात. आठवडाभर त्याने तो शब्द घोकला होता असं मला नंतर कळलं.

मी रिकामी केली.

अशा तीन फेऱ्या झाल्या. इंजिनियरने बेरीज केली आणि फळ्यावर खडूने नावं लिहिली. तो स्वतः दुसरा आला होता आणि त्याबद्दल अर्धा तास कुरकुरत होता. मी खाली खाली बघत गेले आणि मधेच सापडले.

"कितवी?" नवऱ्याने मागून विचारलं.

"नववी."

"वरून की खालून?"

मी बोटांवर मोजलं. सतरांत नववी. "दोन्हीकडून," मी म्हटलं.

नवरा इतका हसला, की त्याने फळ्यापुढे उभ्या असलेल्या कमिटीच्या त्या माणसालाही ते इंग्रजीत समजावून सांगितलं, आणि तोही हसला. मग त्या कमिटीवाल्याने माझा हात हातात घेऊन जोरात हलवला आणि पुढची शर्यत पंधरा दिवसांनी आहे, नाव आत्ताच लिहू का, असं विचारलं. मी म्हटलं, लिहा.

नमाजेची वेळ गाठायची होती म्हणून नवरा जीप दामटत होता, आणि मी त्याला एकेक गोळी सांगत होते. कुठून मारली, कुठे लागली, कुठली का नाही लागली, पुढच्या वेळी ती कशी लावायची. त्याने त्या सगळ्या पाहिल्या होत्या, तरी सांगत होते. दुसऱ्या फेरीतल्या चौथ्या गोळीपर्यंत आम्ही आलो आणि समोर खाडी दिसायला लागली.

"उरलेल्या नमाजेनंतर सांग," तो म्हणाला.

नमाजेनंतर मी उरलेल्या सांगितल्या.